घरचे ध्वनिदप्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि रुमालांत बांधलेली मोडी दप्तरे उभी राहतात. हे स्वाभाविकच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ सालापासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड काढले, ते गावोगावच्या वाड्यांतून गोळा केलेल्या कागदांच्या बळावर. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले, तेही अशाच कागदांतून. या थोर पुरुषांच्या उद्योगात दोन अडचणी होत्या. पहिली अडचण कागद सापडण्याची आणि दुसरी सापडलेला कागद वाचता येण्याची. मोडी वाचणारा माणूस जवळ नसला, तर घरात पेशव्यांचे अस्सल पत्र असूनही ते नसल्यासारखेच.

आज मी आपल्यापुढे एका निराळ्या दप्तराविषयी बोलणार आहे. हे दप्तर कागदाचे नाही, ध्वनीचे आहे. ते वाड्याच्या माळ्यावर नाही, तर तुमच्या-आमच्या कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या बुटांच्या खोक्यात किंवा बिस्किटांच्या डब्यात पडलेले आहे. मी कॅसेटविषयी बोलतो आहे, हे आपण ओळखलेच असेल. या दप्तरालाही एक लिपी आहे. पण ती माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाही. ती वाचण्यासाठी यंत्र लागते. त्या यंत्राला कॅसेट डेक म्हणतात. फीत हे पत्र आहे आणि डेक हा त्या पत्राचा वाचक आहे. पत्र पुष्कळ आहेत, वाचक मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून जुना डेक कसा निवडावा आणि त्याचा आनंद कसा घ्यावा, हा प्रश्न मला केवळ शौकाचा वाटत नाही. तो इतिहासाच्या साधनांचाही प्रश्न आहे.

हा विचार मला जबलपुरात सुचावा, यालाही कारण आहे. गढा-मंडल्याचे हे राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांकडे आले; १७९८ साली पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले आणि १८१७ च्या डिसेंबरात ते इंग्रजांनी घेतले. म्हणजे मराठी सत्ता येथे उणीपुरी छत्तीस वर्षे होती. मराठी माणूस मात्र त्यानंतरही येतच राहिला. १८७० च्या मार्चमध्ये मुंबई आणि कलकत्ता या शहरांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरात पुरा झाला. पुढे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, तारायंत्र आणि दूरसंचार खात्याची प्रशिक्षणशाळा झाली, सैन्याच्या सिग्नल विभागाचे केंद्र वाढले. कारकून, शिक्षक, वकील, कारखान्यातील फोरमन अशा नात्यांनी शेकडो मराठी कुटुंबे या गावी स्थायिक झाली. त्या वेळी मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे मराठी हीसुद्धा प्रांताचीच एक भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर एकीकडे गेले, जबलपूर दुसरीकडे राहिले. आणि येथला मराठी माणूस आपले घर न सोडता परप्रांतीय झाला.

अशा कुटुंबाला आपल्या भाषेचा आवाज कोठून ऐकू यावा? शाळा हिंदी, बाजार हिंदी, शेजार हिंदी. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि रेडिओच्या पेटीत. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले. जबलपुराहून नागपूर पावणेतीनशे किलोमीटर. रात्री हवा स्वच्छ असली, तर मध्यम लहरींवर नागपूर ऐकू येई. पावसाळ्यात ढगांचा गडगडाट आणि वीज यांच्या खरखरीतून एखादे भावगीत ओढून काढावे लागे. पण रेडिओचा आवाज हा पाहुण्यासारखा. तो आपल्या वेळेला येतो आणि आपल्या वेळेला जातो. पुणे केंद्राने १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' ध्वनिक्षेपित केले, तेव्हा आठवड्याचे गीत ज्याचे चुकले त्याचे ते चुकलेच. ऐकलेला आवाज धरून ठेवणे सामान्य श्रोत्याच्या हाती नव्हते. ते त्याच्या हाती दिले कॅसेटने. तिची कुळकथा थोडक्यात सांगतो.

आवाज चुंबकत्वाच्या रूपाने साठविता येतो, हे डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पोल्सेनने १८९८ साली दाखविले. त्याने पोलादी तारेवर आवाज उमटविला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ या यंत्रापुढे चार शब्द बोलला आणि ते आजही ऐकावयास मिळतात. १९२८ मध्ये फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मनीतील संशोधकाने तारेऐवजी लोहचूर्णाचा लेप दिलेली कागदाची पट्टी वापरली; तीच आजच्या फितीची आद्य जननी. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन हे यंत्र लोकांपुढे आले. महायुद्धानंतर ही विद्या जगभर पसरली आणि आकाशवाणी केंद्रांतून मोठमोठी स्पूल फिरू लागली. पण स्पूलचे यंत्र अवजड, महाग आणि हाताळण्यास कटकटीचे. ते घराघरात जाणे शक्य नव्हते.

फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हॅसेल्ट येथील कारखान्यात लू ऑटेन्स नावाचे एक अभियंते होते. त्यांनी एक लाकडी ठोकळा तयार केला आणि तो आपल्या कोटाच्या खिशात घालून पाहिला. खिशात मावेल एवढेच यंत्र करावयाचे, ही त्यांची प्रतिज्ञा. त्यातून निघालेली कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली गेली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणशाळेतील स्पूल सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असे, हे लक्षात घेतले म्हणजे ही केवढी काटकसर होती ते कळेल. पुढे फिलिप्सने, जपानच्या सोनी कंपनीच्या आग्रहाने, कॅसेटची रचना इतर कारखानदारांना मोबदला न घेता वापरू दिली. या उदारपणात थोडा व्यवहारही होता. पण त्याचा परिणाम मोठा झाला. टोकियोत मुद्रित केलेली कॅसेट जबलपुरात वाजू लागली. जगाला ध्वनीची एकच बाळबोध लिपी मिळाली.

या लिपीत एक दोष होता. फीत अरुंद आणि मंद, म्हणून तिच्यात सतत 'सस्' असा आवाज येई. त्यावर उपाय काढला रे डॉल्बी या अमेरिकन शास्त्रज्ञाने. हे गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात होते. येथून गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा काढली आणि १९६८ मध्ये घरगुती यंत्रांसाठी 'डॉल्बी बी' ही पद्धती दिली. तिने ही सळसळ सुमारे दहा डेसिबलने खाली आणली. दैवाचा विनोद असा, की महाराष्ट्रात आज मिरवणुकीतील कर्णकर्कश भिंतींना लोक 'डॉल्बी' म्हणतात. ज्या माणसाने नको असलेला आवाज कमी करण्यात आयुष्य घालविले, त्याचे नाव आपण सर्वांत मोठ्या गोंगाटाला दिले आहे.

सळसळ कमी झाल्यावर कॅसेट हे खेळणे राहिले नाही. १९७३ साली जपानच्या नाकामिची कंपनीने तीन हेडांचा डेक काढला आणि कॅसेटवरही उत्तम संगीत ऐकता येते हे सिद्ध केले. क्रोमियमची फीत आली, १९७९ च्या सुमारास धातूची फीत आली, त्याच वर्षी सोनीचा वॉकमन आला. १९८२ साली नाकामिचीचा 'ड्रॅगन' निघाला. आणि नियतीची गंमत पाहा, कॅसेटच्या विद्येने शिखर गाठले त्याच वर्षी तिला मागे सारणारी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात उतरली.

आपल्या देशात मात्र कॅसेटचा खरा दिवस त्यानंतरच उगवला. आखाती देशांत नोकरीस गेलेली माणसे परतताना खांद्याला अडकवून जो रेडिओ आणि टेप एकत्र असलेला 'टू-इन-वन' आणीत, त्याने घरोघर कॅसेट नेली. तोवर ध्वनिमुद्रिका काढणे हे मोठ्या भांडवलाचे काम होते आणि कोणाचे गाणे छापावयाचे हे एका-दोन कंपन्या ठरवीत. कॅसेटची नक्कल काढणे स्वस्त असल्यामुळे लहानलहान निर्माते पुढे आले. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातील या उलाढालीवर १९९३ साली एक ग्रंथच लिहिला आहे. मराठीत पाहिले तर पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने अभिजात गायकांच्या दुर्मिळ मैफली कॅसेटवर आणल्या, पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन घराघरात पोहोचले. भीमसेन जोशी यांचे अभंग, नाट्यपदे आणि प्रल्हाद शिंदे यांची लोकगीते व भक्तिगीते खेड्यातील चहाच्या टपरीपर्यंत गेली. जबलपूर, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बडोदे येथील मराठी कुटुंबांच्या दृष्टीने याचे मोल अधिक होते. सुट्टीत पुण्या-मुंबईस गेलेला माणूस लोणच्याच्या बरणीबरोबर चार कॅसेटही आणी. परप्रांतात वाढलेल्या कित्येक मुलांचे कान शुद्ध, खेळकर मराठीला सरावले ते पुलंच्या आवाजाने.

परंतु विकत आणलेल्या कॅसेटी हे या दप्तराचे दुय्यम अंग झाले. त्या हजारोंनी निघाल्या. एक हरवली तरी दुसरीकडे सापडेल. खरे मोल आहे ते घरी मुद्रित केलेल्या कॅसेटींचे. लाल खुणेचे बटण दाबताच सामान्य माणूस प्रथमच श्रोत्याचा लेखक झाला. कोणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टिपून ठेवल्या, कोणी वडिलांचे रामरक्षेचे पठण, कोणी मुंजीतील मंगलाष्टके, कोणी परदेशी गेलेल्या मुलाला पाठविण्याचे बोलके पत्र. कोणी 'आपली आवड' रेडिओवरून उतरवून घेतली आणि तिच्याबरोबर निवेदकाचा आवाज, कुकरची शिट्टी आणि 'अगं, दार वाजतंय' हे वाक्यही नकळत उतरले. इतिहासाच्या अभ्यासकाला गाण्याइतकेच हे वाक्य महत्त्वाचे वाटेल.

आमच्या गावच्या मराठीचेच उदाहरण घ्या. दोन पिढ्यांपूर्वीचा जबलपुरी मराठी माणूस वाक्य मराठी बोले. पण मध्येच त्यात 'लेकिन' आणि 'फिर' सहज येऊन बसत. ते बोलणे कोणी छापले नाही, कारण ते छापण्याजोगे कोणास वाटले नाही. आज तिसरी पिढी घरातही बहुधा हिंदीच बोलते. त्या बोलीचा पुरावा कोठे असेल तर तो एखाद्या वाढदिवसाच्या कॅसेटवर आहे. ती कॅसेट निरक्षर होण्याआधी वाचली गेली पाहिजे.

आता वाचकाच्या निवडीकडे वळू. पहिली गोष्ट, टू-इन-वन आणि डेक यांत भेद आहे. टू-इन-वनमध्ये कर्णा आतच असतो. डेक हा नुसता वाचक; त्याला आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर वेगळे जोडावे लागतात. खर्च वाढतो, पण यंत्र एकाच कामासाठी घडविलेले असल्यामुळे ते काम चोख होते. आपल्या देशात सोनोडाइन, कॉस्मिक अशा नावांनी संगीतयंत्रे निघत. परदेशी यंत्रांत सोनी, टेक्निक्स, अकाई, यामाहा, पायोनियर ही नावे जुन्या बाजारात अधिक आढळतात. आमच्या गुरंदी बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अशी यंत्रे धूळ खात पडलेली दिसतील. नाव आणि झगमगते दिवे पाहून भुलू नये. पुढील तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे चाल. फीत एका बारीक पोलादी दांडीवर रबरी चाकाने दाबली जाऊन पुढे सरकते. रबर कडक झाले किंवा आतले पट्टे सैलावले, की चाल डळमळते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हा दोष झाकला जाईल. आपल्या संगीतात तो लपत नाही. तंबोऱ्याच्या साथीवर लावलेला लांब षड्ज ही डेकची सर्वांत कठोर परीक्षा आहे. षड्ज थरथरला तर यंत्र नापास समजावे. चांगल्या डेकमध्ये हा चढउतार शेकडा ०.०५ च्या आसपास असतो. मूळ गतीही पाहावी. गती शेकडा सहाने वाढली तर सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. घरच्या पेटीवर सूर धरून हे सहज तपासता येते. गती किंचित कमीजास्त करण्याची कळ ज्या डेकला असते तो घरगुती फितींसाठी विशेष उपयोगी, कारण मूळ मुद्रण करणारे यंत्रच कित्येकदा हळू किंवा जलद चालत असे.

दुसरी गोष्ट, हेड. हाच यंत्राचा डोळा. त्यातील सूक्ष्म फट फितीच्या चालीशी अगदी काटकोनात असावी लागते. कोन केसभर ढळला की उंच स्वर मावळतात. तंबोऱ्याची जवारी बोथट होते आणि 'स' व 'श' यांतील भेद नाहीसा होतो. एक लहानसा स्क्रू फिरवून हा कोन दुरुस्त करता येतो. मात्र हे काम जाणत्याकडूनच करवून घ्यावे. प्रत्येक घरगुती फीत निराळ्या यंत्रावर मुद्रित झालेली असल्यामुळे तिचा कोनही निराळा असतो. ड्रॅगनची थोरवी अशी, की तो वाजवितानाच हा कोन आपोआप जुळवून घेतो. पण ड्रॅगनची किंमत सरकारी नोकराने विचारू नये. साधा दोन हेडांचा, एकाच दिशेने वाजणारा, नीट जुळविलेला डेक ऐकण्यास पुरेसा आहे. तीन हेडांचा उपयोग मुख्यत्वे मुद्रण करणाऱ्याला; मुद्रण चालू असतानाच ते कसे उमटले हे त्याला ऐकता येते. कॅसेट आपोआप उलटून वाजविणारे डेक सोयीचे खरे. पण दोन्ही दिशांना कोन अचूक राखणे कठीण, म्हणून अशा यंत्रांत एक बाजू बहुधा उजवी आणि दुसरी डावी निघते.

तिसरी गोष्ट, वीज आणि आतले अवयव. जपानी बाजारासाठी केलेले यंत्र १०० व्होल्टवर चालते. ते आपल्या २३० व्होल्टला सरळ जोडले तर क्षणात त्याची राख होईल. त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. काही जुन्या यंत्रांत मोटारीची गती विजेच्या आवर्तनांवर ठरते. अमेरिकेत ही आवर्तने सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. तेव्हा तिकडून आणलेल्या अशा यंत्रात गाणे सहाव्या हिश्शाने मंदावते. तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या डेकचे रबरी पट्टे विरघळून डांबरासारखे झालेले असतात. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पट्टे बदलता येतात. हेड झिजून त्यावर खोबण पडली असेल, तर मात्र त्या यंत्राचा नाद सोडावा.

येथे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ज्या गावात सिग्नल विभागाचे आणि दूरसंचाराचे शिक्षण मिळत आले, त्या गावात डाग देण्याची लोखंडी कांडी हाती धरणारे कसबी लोक निपजावेत यात नवल नाही. आज हे कारागीर बहुधा साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांची मुले मोबाइल दुरुस्त करतात. यंत्रापेक्षाही हा माणूस दुर्मिळ होत चालला आहे. डेक घेण्याआधी तो दुरुस्त करणारा कोण, याची चौकशी करावी, हा माझा सर्वांत व्यावहारिक सल्ला.

यंत्र मिळाले, आता फीत. माळ्यावरची कॅसेट काढून लगेच यंत्रात घालू नये. मध्य भारतातील उन्हाळा आणि त्यानंतरचा कुंद पावसाळा, दोन्ही तिचे वैरी आहेत. खिडकीतून पाहता फितीच्या गुंडाळीवर पांढुरके डाग दिसले तर ती बुरशी समजावी. अशी कॅसेट वाजविली तर यंत्रही बाधते आणि दुसऱ्या फितींनाही ती लागते. कॅसेटच्या तोंडाशी असलेला मऊ नमद्याचा तुकडा गळून पडला असेल तर तो पुन्हा बसवावा. ९० मिनिटांच्या कॅसेटमधील फीत ६० मिनिटांच्या फितीहून पातळ असते आणि १२० मिनिटांची तर इतकी पातळ, की ती यंत्रात गुंतण्याचे भय फार. मौल्यवान कॅसेटच्या पाठीवरील प्लास्टिकचे दोन छोटे दात मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही. हेड आणि पोलादी दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसावी. डॉल्बीची कळ, फीत डॉल्बीत मुद्रित झाली असेल तरच दाबावी. टू-इन-वनवर मुद्रित झालेल्या घरगुती फितीला डॉल्बी लावली, तर खरखरीबरोबर आजीच्या आवाजातील चमकही जाते.

आता कोणी विचारील, आज खिशातील मोबाइलवर जगातील सारे संगीत मिळत असता हा उपद्व्याप कशासाठी? आनंदाच्या बाजूने याचे उत्तर असे आहे. कॅसेट आपल्याला क्रम पाळावयास लावते. नको ते गाणे टाळून पुढे जाणे येथे कष्टाचे असते. म्हणून आपण न आवडणारे गाणेही ऐकतो आणि पुष्कळदा तेच पुढे आवडू लागते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवर थोर गवयाला तीन-सव्वातीन मिनिटांत आपला राग आटोपावा लागे. कॅसेटच्या एका बाजूला पाऊण तास मिळतो. विलंबित ख्याल आपल्या पायांनी चालत येतो, बसतो, रंगतो. मग बाजू संपल्याचा खट्ट असा आवाज होतो, आपण उठतो, कॅसेट उलटतो. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत ऐकलेले मनात मुरते. ऐकणे ही एक कृती आहे, आणि तिला थोडे श्रम लागतात, याची आठवण हे यंत्र करून देते. ध्वनीच्या निर्मळपणात आजची साधने सरस आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. जुन्या वस्तूवरील प्रेमापायी खोटी साक्ष देऊ नये.

पण आनंदाहून मोठे उत्तर दुसरे आहे. मोबाइलवर सारे जग मिळेल. तुमची आजी मिळणार नाही. तिचा आवाज ज्या एका फितीवर आहे, ती जगात एकच आहे. उत्तम डेक आता नव्याने घडविले जात नाहीत. आज जी थोडी नवी यंत्रे बाजारात येतात, त्यांची यंत्रणा बहुधा साधी आणि स्वस्त असते. चुंबकीय लेप हळूहळू सुटतो, चिकटपणा येतो, फीत ठिसूळ होते. म्हणजे पत्र झिजत आहे आणि वाचकही जात आहेत. दोन्ही एकाच वेळी. मोडी कागदांना राजवाडे भेटेपर्यंत शंभर-दीडशे वर्षे धीर धरता आला. फितीला तेवढा धीर नाही.

म्हणून ज्यांच्या घरी असे खोके आहे, त्यांनी एक छोटे काम हाती घ्यावे. गावातील चार कुटुंबांनी मिळून एक चांगला डेक घ्यावा. प्रत्येकाने वेगळा घेण्याची गरज नाही. एका वहीत कॅसेटींची यादी करावी: आवाज कोणाचा, प्रसंग कोणता, गाव कोणते, साल कोणते. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच हे विचारून घ्यावे, कारण नाव नसलेला आवाज हा तारीख नसलेल्या कागदासारखाच असतो. मग डेकमधून ती फीत संगणकावर उतरवून घ्यावी, तिच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि मूळ कॅसेट तरीही फेकू नये. ती पूर्ण मागे गुंडाळून, उभी, कोरड्या व थंड जागी, लोहचुंबकापासून आणि स्पीकरपासून दूर ठेवावी. दप्तर सांभाळण्याचा नियम कचेरीत आणि घरात एकच आहे: नक्कल झाली म्हणून अस्सल जाळावयाची नसते.

आपल्या समाजाला राजांची पत्रे जपण्याचे महत्त्व उशिरा का होईना कळले. सामान्य माणसांचा आवाज प्रथमच इतिहासात उमटला तो या चार बोटे रुंदीच्या प्लास्टिकच्या डबीत. परप्रांतात तीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबाजवळ आपल्या बोलीचा दुसरा ताम्रपट नाही. येत्या रविवारी माळ्यावरचे ते खोके खाली काढावे, कॅसेटींवरची धूळ पुसावी आणि त्यांवरील पुसट झालेली अक्षरे वाचून पाहावीत. यादी करण्यास तेवढे पुरेसे आहे.